पार्श्वभूमी : अंगरख्यावरून ओळखायचं कोण कुणाचा

इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरी गावी दर जुलैत हौशी मंडळी १४७१ सालची लढाई पुन्हा लढून दाखवतात. एका पथकाचा अंगरखा तांबडा-काळा, दुसऱ्याचा निळा आणि तुतीच्या फळासारखा गडद. पाहणाऱ्याला ही वेशभूषा वाटते. पण १५व्या शतकात या रंगांवरून माणसाचा धनी कोण ते कळे, आणि त्या कापडापायी राजांना कायदे करावे लागले.

सुरुवात त्याच्या बरीच आधीची. १२व्या शतकात सरदार चिलखतावर सैलसर झगा घालू लागले. पुढे त्यावर घराण्याचं चिन्ह आलं आणि त्यातूनच टॅबर्ड, म्हणजे कुलचिन्ह असलेला सैल अंगरखा, घडला. साध्या पायदळाला कुठलं घराण्याचं चिन्ह? १३८५च्या स्कॉटलंड स्वारीत इंग्रज सैन्याला हुकूम होता की प्रत्येकाने पुढे-मागे सेंट जॉर्जचा लाल क्रूस लावावा. एरवी शिपाई धन्याच्या रंगांचा डगला घाली आणि वर त्याचा बिल्ला लावी. स्टॅफर्ड घराण्याचा तांबडा-काळा रंग आणि गाठ, तर वॉरिक या बड्या सरदाराच्या माणसांचे लाल डगले आणि खडबडीत सोटा.

सरदार हे डगले चाकरांपुरते ठेवीनात. गावगुंडांनाही ते वाटले जात आणि असा डगलेवाला कोर्टात उभा राहिला की न्याय झुके. म्हणून १३९०मध्ये दुसऱ्या रिचर्डने, १४६८मध्ये चौथ्या एडवर्डने आणि १५०४मध्ये सातव्या हेन्रीने त्यावर बंधनं घातली. पुन्हा पुन्हा घालावी लागली, यातच सगळं आलं. राजे स्वतः मात्र हात आखडत नव्हते. १४८३मध्ये यॉर्कला मुलाच्या समारंभासाठी तिसऱ्या रिचर्डने रानडुकराचे १३,००० कापडी बिल्ले मागवले. तसाच एक चांदीचा रानडुक्कर २००९मध्ये शेतात सापडला आणि बॉसवर्थची, म्हणजे १४८५मध्ये रिचर्ड जिथे मारला गेला त्या लढाईची, खरी रणभूमी ठरवायला त्याचा मोठा आधार झाला.

चिन्ह ओळखण्यात गफलत झाली तर काय होतं, ते १४ एप्रिल १४७१ला लंडनजवळच्या बार्नेटच्या लढाईत दिसलं. पहाटे दाट धुकं. चौथ्या एडवर्डविरुद्ध वॉरिकच्या बाजूने लढणाऱ्या ऑक्सफर्ड या सरदाराच्या तुकडीने समोरची फळी पळवून लावली आणि ती मैदानात परतली. तिच्या अंगावर किरणांचा तारा, शत्रू एडवर्डचं चिन्ह किरणांचा सूर्य. बखरकार सांगतो, वॉरिकच्याच लोकांनी त्यांना शत्रू समजून बाण सोडले, मग ‘दगा! दगा!’ असा ओरडा उठला आणि ऑक्सफर्डची माणसं पळाली. त्या लढाईत वॉरिक मारला गेला.

आजची चांगली पथकं एखाद्या सरदाराचं घराणं निवडतात आणि आपल्या शिपायांना त्याच घराण्याचा डगला देतात : लोकरीचं कापड, आत तागाचं अस्तर, छातीवर शिवलेला किंवा रंगवलेला बिल्ला. काही पथकांत मात्र प्रत्येक भालदाराच्या अंगावर सरदाराचं संपूर्ण कुलचिन्ह असलेला टॅबर्ड चढवतात. मैदानात तो उठून दिसतो खरा, पण त्या काळी तो मान सरदाराचा आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्या दूताचा होता, भालदाराचा नव्हे.