मुंबई–नागपूर हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि नागपूरच्या सोनेगाव येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ३६८ सागरी मैल आहे. हे अंतर पृथ्वीच्या गोलपृष्ठावरून, बृहद्वृत्ताच्या (पृथ्वीच्या केंद्राभोवतीच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाच्या) कंसाने मोजतात. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असून तो स्थूलमानाने अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो. थळघाट चढून भुसावळ, अकोला, वर्धा असा जाणारा लोहमार्ग ८३७ किलोमीटरचा आहे. २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असला, तरी तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. तिथून मुंबईपर्यंतचे अंतर त्यात धरलेले नाही.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने ६८० किलोमीटर कापायला ५१ मिनिटे लागतात, परंतु वेळापत्रकात या फेरीला साधारण दीड तास दिलेला असतो. वेळापत्रकातील वेळ विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर फलाटाला लागेपर्यंत मोजली जाते, आणि मुंबईत त्यातला मोठा वाटा जमिनीवरच खर्च होतो. येथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी उड्डाणे करता येत नाहीत आणि जवळजवळ सगळा भार एका मुख्य धावपट्टीवर पडतो. उड्डाणासाठी विमाने रांगेत उभी राहतात. उतरणाऱ्या विमानांना कधीकधी शहराबाहेर आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, विशेषतः पावसाळ्यात दृश्यमानता घटली की. शिवाय चढण्याच्या व उतरण्याच्या टप्प्यात विमानाचा वेग कमी असतो, म्हणून मार्ग जितका आखूड तितका सरासरी वेग खाली येतो. याच कारणाने ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाची पंख्याची (प्रोपेलरची) विमाने कोल्हापूरसारख्या, जेमतेम ३०० किलोमीटरवरच्या ठिकाणासाठी जेटच्या तुलनेत फारशी मागे पडत नाहीत. नागपूरच्या अंतरावर मात्र हा फरक जाणवू लागतो.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेकडून जोराचे वारे वाहत असल्याने पूर्व-ईशान्येस नागपूरकडे जाणारे विमान थोडे लवकर पोचते आणि परतीला थोडा अधिक वेळ लागतो. दोन्ही शहरांचे घड्याळ एक असले, तरी रेखांशात सहा अंशांहून अधिक फरक असल्याने नागपूरचा सूर्य सुमारे २५ मिनिटे पुढे असतो. संध्याकाळच्या विमानाने जाणाऱ्याला वाटेतच अंधार गाठतो तो त्यामुळे.

नागपूरचे मध्यवर्ती स्थान हवाई वाहतुकीने फार पूर्वीच हेरले होते. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. या चारांपैकी मुंबईच नागपूरला सर्वांत जवळची.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ नागपूरला मुंबईच्या सांताक्रूझ येथील वरील विमानतळापेक्षा पंधरा-सोळा किलोमीटर जवळ आहे. उड्डाणाच्या हिशोबात हा फरक एका मिनिटाच्या आसपासचा. पनवेल किंवा उरणच्या प्रवाशाचा खरा वेळ वाचतो तो घरापासून विमानतळापर्यंतच्या रस्त्यावर, आणि बोरिवलीच्या प्रवाशाचा तिथेच वाढतो.