यादीतली दुसरी स्वस्त वाइन

उंची रेस्तराँमध्ये सर्वांत स्वस्त वाइन मागवायला संकोचणारा ग्राहक तिच्या लगतची वरची बाटली घेतो आणि हे ओळखून मालक नेमक्या त्याच बाटलीवर सर्वाधिक नफा लावतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. डेव्हिड डी मेझा आणि विक्रम पथानिया या अर्थशास्त्रज्ञांनी लंडनमधील दोनशेहून अधिक रेस्तराँच्या याद्या तपासून २०२१ मध्ये हा समज खोडून काढला. दुकानातील किमतीच्या तुलनेत टक्केवारीने सर्वाधिक वाढ यादीच्या मधल्या बाटल्यांवर आढळली. दुसऱ्या स्वस्त बाटलीवरील वाढ तिच्या वरच्या चार बाटल्यांहूनही कमी होती. यात ग्राहकाच्या भिडस्तपणाचा फायदा घेण्याचा डाव दिसत नाही, साधा व्यापारी हिशोब दिसतो. हा निष्कर्ष अर्थात लंडनपुरता आहे. मुंबई-पुण्यातील याद्यांना तो सरसकट लावता येणार नाही.