हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग आणि पांढऱ्या पेशी

हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुतेक वेळा झडपांना, होणाऱ्या जंतुसंसर्गाला एंडोकार्डायटिस म्हणतात. जंतू गिळणे हे पांढऱ्या पेशींचे काम. पण या आजारात जंतू भर रक्तप्रवाहात ठाण मांडून बसतात आणि तरीही या पेशींचे त्यांच्यापुढे फारसे चालत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात त्याला आणखी एक पदर आहे. इथे गोठा घराला लागूनच असतो, आणि जनावरांकडून येणारे काही जंतू थेट पांढऱ्या पेशींच्या पोटातच मुक्काम करतात.

थोडेफार जंतू रक्तात शिरणे ही रोजचीच बाब आहे. दात घासताना, चावताना तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू रक्तात उतरतात. तंबाखू-मशेरीने हिरड्या खराब झाल्या असतील तर जास्तच. यकृत आणि प्लीहेतल्या मोठ्या भक्षकपेशी ते बहुधा काही मिनिटांत टिपून घेतात. झडप निरोगी असेल तर जंतूंना सहसा चिकटायला जागा मिळत नाही. लहानपणीच्या संधिज्वराने आकसलेली झडप, जन्मजात दोष किंवा बसवलेली कृत्रिम झडप असेल, तर तिथे बिंबिका (प्लेटलेट) आणि फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचा) पातळ थर साचतो आणि जंतू त्याला धरून राहतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू मात्र चांगल्या झडपेलाही सोडत नाही.

जंतू, बिंबिका आणि फायब्रिन यांच्या या गाठीला व्हेजिटेशन म्हणतात. तिच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींहून अधिक जंतू असू शकतात. एरवी पांढरी पेशी ऊतकातल्या बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, फटीतून बाहेर सरकते आणि जंतूपर्यंत पोचते. झडपेच्या पातळ पाळीत अशा रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, म्हणजे आतून वाट नाही. बाहेरून यावे तर रक्ताचा झोत थांबू देत नाही, आणि गाठीवर फायब्रिनचे नवे थर चढत राहतात. ड्युरॅक आणि बीसन या संशोधकांनी 1972 मध्ये सशांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. झडपेवरच्या गाठीत जंतू कसे रुजतात आणि तग धरतात हे त्यांतून तपशिलाने कळले.

पांढऱ्या पेशींची धडपड कधीकधी उलटतेही. मोनोसाइट पेशी चेतवल्या गेल्या की रक्त गोठवणारा घटक पृष्ठभागावर आणतात, त्यामुळे फायब्रिन वाढते. न्यूट्रोफिल मरताना स्वतःच्या डीएनएचे जाळे फेकतात. 2004 मध्ये वर्णन झालेले हे जाळे जंतू अडकवते, पण प्राण्यांवरील प्रयोगांत त्यानेच गाठ मोठी होताना दिसली आहे. झडपेच्या मुळाशी असलेल्या कड्यात रक्तवाहिन्या आहेत. तिथे न्यूट्रोफिल भरपूर पोचतात, पू होतो, त्यांच्या विकरांनी (एन्झाइमांनी) ऊतक विरघळते. गळू हृदयाच्या विद्युतवाहक तंतूंपर्यंत गेले की ईसीजीत ठोके अडखळलेले दिसतात.

रक्ततपासणीचा कागद हातात आला की ‘काउंट किती?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न असतो. पांढऱ्या पेशी साधारणपणे घन मिलिमीटरला 4,000 ते 11,000 असतात आणि त्यांतल्या 40 ते 70 टक्के न्यूट्रोफिल. स्टॅफिलोकॉकसच्या झपाट्याच्या आजारात हा आकडा चांगलाच चढतो. आठवडेच्या आठवडे बारीक ताप, घटते वजन आणि रक्तक्षय अशा संथ प्रकारात तो अनेकदा सरळ-साधा असतो, आणि ‘काउंट नॉर्मल आहे’ या दिलाशावर महिना निघून जातो. निदान ठरते ते प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेल्या रक्ताच्या तीन कल्चरवर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीवर) आणि इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर). तापावर आधीच चार दिवस गोळ्या-इंजेक्शने झाली असतील तर कल्चरमध्ये अनेकदा काही उगवत नाही.

ब्रुसेला आणि कॉक्सिएला या जंतूंचे गणित वेगळेच आहे. गाय-म्हैस किंवा शेळी गाभडते तेव्हा पडलेली वार हातानेच ओढून काढली जाते, आणि धारोष्ण दूध पिणारेही अजून आहेत. ब्रुसेला येतो तो याच वाटेने. शेजारच्या विजापूर भागातले ब्रुसेलोसिसचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. भक्षकपेशी ब्रुसेलाला गिळते, पण पचवू शकत नाही. तो तिच्या आत वाढतो. काउंट अशा वेळी साधा किंवा कमीही येतो. ब्रुसेलाने झडप धरणे विरळा, पण या आजारातल्या मृत्यूंचे ते प्रमुख कारण आहे. तो सावकाश उगवतो, म्हणून गोठ्याशी संबंध आहे हे डॉक्टरांना आणि लॅबला सांगावे लागते.

गाठीत पांढऱ्या पेशींची मदत नसल्याने जंतूंना नुसते रोखणारे औषध पुरत नाही, मारणारे लागते. नेहमीच्या जंतूंसाठी शिरेतून चार ते सहा आठवडे, ब्रुसेलासाठी किमान तीन महिने एकाहून अधिक औषधे, आणि अनेकदा झडप बदलण्याची शस्त्रक्रिया. कॉक्सिएलासाठी उपचार किमान दीड वर्ष चालतो. तो भक्षकपेशीतल्या आम्लयुक्त कप्प्यात राहतो आणि त्या आम्लात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दुबळे पडते. म्हणून सोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात. त्याने कप्प्यातले आम्ल उतरते आणि डॉक्सिसायक्लिन जंतूला मारू शकते.