नारळ, कागद आणि एग चेअर

एक नारळ घ्या आणि त्यावर वर्तमानपत्राचा कागद घट्ट बसवून पाहा. कितीही जपून केलं तरी सुरकुत्या पडतातच. तोच कागद पत्र्याच्या गोल डब्याला मात्र बिनतक्रार गुंडाळता येतो. डबा एकाच दिशेने वाकलेला असतो, नारळ एकाच वेळी दोन दिशांनी. सपाट कागद ताणल्याशिवाय किंवा चुरगळल्याशिवाय नारळावर बसणारच नाही, हे गाऊस या जर्मन गणितज्ञाच्या १८२७ मधल्या एका प्रमेयातून निघतं.

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार आर्ने याकोबसेन यांची गाठ याच अडचणीशी पडली, प्लायवूडच्या निमित्ताने. १९५२ मध्ये त्यांनी नोव्हो या औषध कंपनीच्या कँटीनसाठी पाठ आणि बैठक सलग असलेली प्लायवूडची खुर्ची केली. पाठ जिथे बैठकीला मिळते, तिथे लाकडावर सगळ्यात जास्त ताण येई. तेवढा भाग त्यांनी दोन्ही बाजूंनी कापून कंबरेसारखा बारीक केला. त्या कंबरेमुळेच ती 'मुंगी' म्हणून ओळखली जाते. लाकडाच्या मर्यादेतून इतका देखणा आकार निघावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढचं काम होतं कोपनहेगनचं एसएएस रॉयल हॉटेल. ते १९६० मध्ये उघडलं. इमारतीपासून काट्या-चमच्यांपर्यंत सगळं याकोबसेन यांचंच. बाहेरून काच आणि सरळ रेषा, म्हणून आतल्या दालनासाठी त्यांना गोलाई हवी होती. १९५८ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये प्लास्टर थापत, खरवडत त्यांनी एका खुर्चीचा आकार शोधला. बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा, फुटलेल्या अंड्याच्या कवचासारखा. हीच ती एग चेअर.

हा आकार प्लायवूडला झेपणारा नव्हता. वाट सापडली ती नॉर्वेच्या हेन्री क्लाइन यांच्या पद्धतीत. खुर्च्या बनवणाऱ्या फ्रिट्झ हान्सन कंपनीने ती वापरायचा परवाना घेतला. त्यातला कच्चा माल पॉलिस्टायरिन, म्हणजे आपल्या थर्माकोलचाच मूळ पदार्थ. थर्माकोल करताना त्याच्या बारीक दाण्यांत पेंटेन नावाचा द्रव मुरलेला असतो. वाफ दिली की दाणा मऊ पडतो, पेंटेनची वाफ होते आणि दाणा लाहीसारखा फुगतो. फुगलेले दाणे साच्यात भरून पुन्हा वाफवले की एकमेकांना चिकटतात. इथे वाकवायला तक्ताच नाही, लाकडाच्या रेषाही नाहीत. साचा जसा, तसं कवच.

पण कवचावर कापड किंवा कातडं चढवायची वेळ आली की नारळ आणि कागद पुन्हा समोर उभे! सपाट कातडं त्या वळणांवर एकही सुरकुती न पडता बसवायचं असतं. कारागीर ते बेतून कापतो, ओढून बसवतो आणि काठाची शिवण हाताने घालतो. पुढे कवचासाठी पॉलिस्टायरिनच्या जागी काचतंतूंनी मजबूत केलेला पॉलियुरेथेनचा फोम आला, साचे बदलले. काठावरचे टाके अजूनही हातानेच पडतात.