सालीवरचं दगडफूल ओळखताना
(10 पट भिंग आणि 'के' बाटलीसोबतचं माहितीपत्रक)

भिंग हातात आलं की बहुतेक ग्राहक आधी विचारतात, ''सालीवरचा हा पांढरट डाग कसला?'' तो झाडाचा रोग नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार म्हणजे शैवाक, अर्थात दगडफूल. त्यातला हा खपलीसारखा प्रकार सालीला इतका घट्ट चिकटतो की सालीसकटच निघतो. तो झाडातून अन्न घेत नाही, म्हणून घासून काढू नका.

नाव रंगावरून ठरवू नका. ओली झालेली राखाडी खपली हिरवी दिसते. कोरडी असतानाच पाहा, भिंग डोळ्याला टेकवून झाडाजवळ सरका आणि फळं, म्हणजे शैवाकाचे बीजाणू तयार करणारे भाग, शोधा. इवल्या बशा दिसल्या तर कडेकडे बघा: कड खपलीच्याच रंगाची असेल तर बहुधा लेकानोरा, बशीसारखीच काळी असेल तर लेसिडेला. बशांऐवजी मोडी अक्षरांसारख्या काळ्या रेघोट्या असतील तर ग्रॅफिस किंवा त्याची भावंडं. ग्रॅफिस पहिल्यांदा नीट दिसतं तेव्हा कोणीतरी सालीवर मजकूर लिहून ठेवल्यासारखं वाटतं, आणि मग प्रत्येक झाडाजवळ थांबावंसं वाटतं. नुसते काळे उंचवटे, वर बारीक भोक, असं दिसलं तर पायरेन्युला. खपली नखाने किंचित खरवडा. ग्रॅफिस-पायरेन्युलात आतलं शैवाल ट्रेंटेपोहलिया असतं, त्यामुळे पिवळसर-नारिंगी छटा येते, लेकानोरात हिरवीगार.

मग 'के', म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. शैवाक ओळखायला ते शैवाकांचे अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये वापरात आणलं. काडीच्या टोकावर थेंब घ्या, खपलीच्या कोपऱ्यावर टेकवा आणि भिंगातून पाहत राहा. रंग आधी पिवळा आणि हळूहळू लाल झाला तर शैवाकात नॉरस्टिक्टिक किंवा सालाझिनिक आम्ल असण्याची शक्यता मोठी. द्रावण कातडी भाजतं, डोळ्याला तर फारच घातक. हातमोजे आणि चष्मा हवाच. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते कमजोर होतं, म्हणून झाकण लगेच लावा.

भिंग तुम्हाला प्रजातीपर्यंत, म्हणजे ग्रॅफिससारख्या जवळच्या जातींच्या गटापर्यंत, नेईल. नेमक्या जातीसाठी फळाचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतात: किती, केवढे, आत पडदे किती. त्यामुळे नुसत्या फोटोवरून आम्ही जातीचं नाव सांगत नाही. नमुना पाठवायचा असेल तर नखाएवढा सालीचा तुकडा कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरा येतो. पाकिटावर झाडाचं नाव, साल गुळगुळीत की भेगाळ, ऊन की सावली आणि तारीख पेन्सिलीने लिहा.