विद्यापीठ–लोकसंस्था संशोधन भागीदारी (कोकण किनारा)

विद्यापीठ आणि गावातली एखादी संघटना, दोघांनी मिळून प्रश्न ठरवायचा, मिळून माहिती गोळा करायची नि त्यातून जे निघेल त्यावर दोघांचाही हक्क राहील असं आधीच कागदावर आणायचं, याला संशोधन भागीदारी म्हणतात. सर आले, फॉर्म भरून घेतले, कोकम सरबत पिऊन गेले, हा झाला सर्व्हे. अहवालात त्यालाही 'लोकसहभाग' लिहितात ते सोडा.

कल्पना तशी १९७० च्या दशकातली. टांझानिया, कोलंबियात त्याच सुमाराला रुजली, नेदरलँड्समधे विद्यापीठांनी 'विज्ञान दुकानं' उघडली, लोकांनी प्रश्न घेऊन यायचं नि विद्यार्थ्यांनी त्यावर काम करायचं. भारतात दिल्लीची 'प्रिया' संस्था १९८२ पासून या कामात आहे. २०१४ च्या उन्नत भारत अभियानानंतर (कॉलेजांना गावांशी जोडणारी केंद्र सरकारची योजना) तर कॉलेजांनी गावं दत्तकच घ्यायला सुरुवात केली, आता दत्तक या शब्दातच कोण मोठं नि कोण लहान ते ठरून जातं.

कोकणात पहिला घोळ होतो तो गावाच्या वतीने सही कोणी करायची इथे. ग्रामपंचायत आहे, मच्छीमार सोसायटी आहे, बचतगट आहेत, देवस्थानचे मानकरी आहेत, आणि याशिवाय मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ! गावात राहतो कोण आणि निर्णय घेतो कोण यात अंतर असतं, त्यामुळे सरपंचांची सही झाली म्हणजे गाव तयार असं धरून चालणारे सहा महिन्यांनी अडकतात. सोसायटी सहकार कायद्याखाली, ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे, नि वाडीचं मंडळ बऱ्याचदा कुठेच नोंदलेलं नाही, मग त्याच्या नावाने बँकेत पैसे येणार कसे? यावर चालणारा उपाय म्हणजे नोंदणी असलेली एक संस्था सहीपुरती आणि तिच्याबरोबर एक सल्लागार समिती, त्यात वाडीवाडीचा माणूस, बायका धरून, आणि समितीला नुसतं मत द्यायचा नाही तर काम थांबवायचाही अधिकार. हा शेवटचा अधिकार नसेल तर समिती चहापुरती.

हापूसचं उदाहरण यात बघण्यासारखं आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन (म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायचा कायदेशीर हक्क) मिळालं, त्याआधी देवगडचा वेगळा की रत्नागिरीचा वेगळा यावर बरीच वर्षं वाद चालला होता. शेवटी मानांकनाचे मालक म्हणून दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (१९७२ चं) आणि सोबत रत्नागिरी, देवगड, केळशी इथल्या बागायतदारांच्या संस्था, अशी एकत्र नोंद झाली. म्हणजे विद्यापीठ शास्त्रीय बाजू सांभाळतं म्हणून हक्क त्याचा एकट्याचा झाला नाही. बागायतदाराने वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करायची असते, ती कटकट आहेच.

वेळासचं गणित वेगळं. मंडणगड तालुक्यातल्या या गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव, लोकांच्या घरी पाहुणे. २०२२ च्या जानेवारीत डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या वनखात्याखालचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी इथेच 'प्रथमा' नावाच्या कासवीणीला सॅटेलाइट टॅग (ती समुद्रात कुठे जाते ते कळवणारं यंत्र) लावला, नंतर आंजर्ले, गुहागरलाही लावले. टॅग लावायला काही तास लागतात, पण कासवीण कधी, कुठे चढते हे ज्यांना माहीत आहे ती माणसं तयार व्हायला वीस वर्षं लागली. ही पायपीट बजेटच्या कुठल्या रकान्यात लिहायची? बहुतेक बजेटांत तो रकानाच नसतो, 'स्थानिक सहाय्य' म्हणून रोजंदारी टाकतात नि मोकळे होतात.

पैशाची सूत्रं बहुतेक वेळा विद्यापीठाकडे असतात, कारण फंड तिकडे येतो, ओव्हरहेड (विद्यापीठाचा कार्यालयीन खर्च) आधी कापला जातो, मग हप्ता, मग युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कुठे खर्चले त्याचा दाखला), आणि तोवर गावातल्या पोरांचं मानधन चार महिने थकलेलं. परदेशी निधी असेल तर आणखी पेच, २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, म्हणून लोकसंस्थेचा वाटा कुठून नि कसा येणार ते पहिल्या दिवशीच लिहावं लागतं.

डेटाचं तर विचारूच नका. मच्छीमाराला मासळी कुठे लागते ते ठिकाण म्हणजे त्याची तिजोरी, ते जीपीएससकट पेपरात छापलं की उद्या तिथे दुसऱ्याचा ट्रॉलर उभा. म्हणून करारात लिहायचं: कच्ची माहिती कोणाकडे, नकाशा किती ढोबळ छापायचा, छापण्याआधी गावाने किती दिवसांत वाचायचं (आणि मराठीत, बरं का), नाव कोणाकोणाचं येणार. नावाच्या बाबतीत रापणीचा (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा) न्याय लावावा, दोर ओढला त्याला वाटा. आरोग्याचा अभ्यास असेल तर वेगळी नैतिकता समिती लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिच्यात ७ ते १५ जण, एक सामान्य नागरिक हवाच आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा.

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडा-प्राण्यांची नि त्याबद्दलच्या माहितीची वही) असायला हवी. पण राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली नि देशभर नोंदवह्या उरकायची घाई झाली. तरी संशोधकाने आधी ती वही मागावी, निदान समितीत कोण आहे ते तरी कळतं.

केरळच्या काणी आदिवासींचा किस्सा या विषयात नेहमी निघतो. त्यांनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा वनस्पतीवरून पालोडच्या वनस्पती उद्यान संशोधन संस्थेने 'जीवनी' औषध काढलं, परवाना फी नि रॉयल्टीचा अर्धा वाटा काणींना ठेवला, त्यासाठी १९९७ मधे ट्रस्टही झाला. म्हणजे औषधाचा करार आधी नि पैसे घ्यायला ट्रस्ट नंतर! आणि पानं गोळा करायची वेळ आली तेव्हा वनखात्याने अडवलं. आपल्याकडे कांदळवन, कासव, दोन्हींत वनखातं येतंच, त्यामुळे परवानगी देणाऱ्या या खात्याची खुर्ची पहिल्या बैठकीपासून मांडलेली बरी.

बैठकीचं वेळापत्रकही करारातच टाकावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा मच्छीमार घरी सापडतो. एप्रिल-मेमधे बागायतदाराला फोनसुद्धा करू नये. आणि मुंबईकरांना समोरासमोर विचारायचं असेल तर गणपती नाहीतर शिमगा, त्यातही पालखी घरात यायच्या दिवशी नको.