पत्रिका छापायला देण्यापूर्वी: वयाचा हिशोब आणि जन्मतारखेच्या गमती

एकसष्टी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन अशा कार्यक्रमांच्या पत्रिका आम्ही छापतो. पत्रिकेतले नाव सहसा चुकत नाही, घोळ होतो तो वयात. मजकूर देण्यापूर्वी हे पान एकदा वाचून घ्यावे.

वर्ष पूर्ण झाले की लागले, हे आधी ठरवा. एकसष्टी म्हणजे ६० पूर्ण होऊन ६१ वे लागणे, यावर फारसा वाद नसतो. पंच्याहत्तरी मात्र काही घरांत ७५ वे लागताच करतात, काही घरांत ते सरल्यावर. म्हणून नुसते ‘पंच्याहत्तरीनिमित्त’ न छापता ‘७५ वर्षे पूर्ण’ किंवा ‘७५ व्या वर्षात पदार्पण’ असे स्पष्ट लिहावे, असे आमचे मत.

महिने-दिवसही हवे असतील तर वजाबाकी उजवीकडून करा. जन्म २५ ऑगस्ट १९५० आणि कार्यक्रम १० मार्च २०२६ असेल, तर १० मधून २५ जात नाहीत. हातचा मार्चच्या आधीच्या महिन्याचा, म्हणजे फेब्रुवारीचा २८ दिवसांचा घ्यायचा. सरसकट ३० धरले की इथेच दोन दिवस चुकतात. उत्तर: ७५ वर्षे, ६ महिने, १३ दिवस.

जन्मतारीख १ जून सांगितली की आम्ही विचारतोच, “खरी की शाळेतली?” जूनमध्ये नाव घालताना पोराचे वय बसावे म्हणून गावोगावच्या गुरुजींनी ही तारीख लावून दिली. तिच्यामुळेच ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची गर्दी उसळते, कारण १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. दाखला, आधार, पेन्शन यांवर तीच तारीख राहू द्या. पत्रिका काही सरकारी कागद नव्हे, तिच्यावर घरची खरी तारीख खुशाल छापा. ती ठाऊक नसेल तर घरातल्या थोरांना बोलते करा. “पानशेत फुटलं तेव्हा रांगत होता,” एवढ्यावरूनही वर्षाचा अंदाज येतो, कारण तो पूर १२ जुलै १९६१ चा. ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असे कळले तर जुन्या पंचांगातून तारीखच हाती लागते. जुन्या वहीत शके लिहिलेले असेल तर त्यात ७८ मिळवा. जन्म जानेवारी ते पाडव्यादरम्यानचा असेल तर ७९.

सहस्रचंद्रदर्शनासाठी ‘८० वर्षे ८ महिने’ हा आकडा तोंडी रुळला आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. त्या हिशोबाने हजारावी पौर्णिमा ८० वर्षे ९ महिने ते ८० वर्षे १० महिने या सुमारास येते. मुहूर्त अर्थातच तुमच्या गुरुजींचा. आम्ही आपला आकडा सांगितला.

आता गमती. हा मजकूर पत्रिकेच्या मागच्या बाजूला किंवा हॉलमधल्या फलकावर छापून मिळतो. २८ व्या, ५६ व्या आणि ८४ व्या वाढदिवशी जन्माचाच वार पुन्हा येतो. १९, ३८, ५७ आणि ७६ पूर्ण होताना तारीख व तिथी जवळजवळ एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. दहा हजारावा दिवस २७ वर्षे साडेचार महिन्यांच्या आसपास उजाडतो, शंभर कोटी सेकंद ३१ वर्षे ८ महिने उलटल्यावर भरतात. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांची कथा तर निराळीच. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे खऱ्या तारखेचा पहिला वाढदिवस यायला त्यांच्या वयाची आठ वर्षे व्हावी लागली!

जन्म मध्यरात्रीनंतर पण सूर्योदयापूर्वीचा असेल तर वेळ जरूर कळवा. इंग्रजी तारीख बदललेली असते, पंचांगाचा वार मात्र आदलाच असतो. फलकावर कोणता वार हवा तेही सांगा.

येताना जन्मतारीख, वेळ, जन्मगाव आणि कार्यक्रमाची तारीख एका कागदावर लिहून आणावी. प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवू. त्यातले आकडे घरातल्या दोघांनी तरी तपासावेत. तुमचा होकार आल्यावरच छपाईला घेतो.